जनुकांची भरड आणि प्रकृतीची नोंद

'प्रकृती जनुकांनी सिद्ध झाली' हे वाक्य अलीकडे वैद्यांच्या व्याख्यानांतून वारंवार कानी पडते. औषधविक्रीच्या पत्रकांवरही ते छापलेले आम्ही पाहिले आहे. हे विधान अकाली आहे आणि आयुर्वेदाच्याच हिताचे नाही, असे आमचे मत आहे.

या संशोधनाचा आरंभ पुण्यात झाला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट. २००५ मध्ये भूषण पटवर्धन, कल्पना जोशी व अरविंद चोप्रा यांनी ७६ व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्यातील एचएलए-डीआरबी१ हे जनुक यांचा संबंध तपासून प्रसिद्ध केला. त्या जनुकाचा एक प्रकार वातप्रकृतीत आढळला नाही, दुसरा कफप्रकृतीत. पुढे २०१५ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ३,४१६ जणांची पाहणी करून २६२ पुरुष निवडले गेले. पीजीएम१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला. दोन्ही कामे मोलाची. परंतु पहिल्यात संख्या अल्प, आणि दुसऱ्यात संपूर्ण जनुकसंच न वाचता त्यावरील ठरावीक स्थानेच पाहिलेली.

या वाचनातील अडचण औषधनिर्मात्यांस सहज उमजेल. अखंड मूळ हाती असले की ते ओळखता येते. भरड झाली की परीक्षा कठीण. आणि दोन सारख्या मुळांची भरड एकत्र झाली, तर कोणता कण कोणत्या मुळाचा हे सांगणे जवळजवळ अशक्य. सर्वत्र रूढ असलेली यंत्रे डीएनएची अशीच भरड करून सुमारे दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात व संगणक ते जुळवितो. जेथे तीच तीच अक्षरे पुनःपुन्हा येतात, तेथे ही जुळणी फसते. दीर्घवाचनाच्या नव्या पद्धतींत एकेक तुकडा पंधरा-वीस हजार अक्षरांचा, प्रसंगी लाखाच्याही पुढचा असतो. एका प्रकारात डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढला जातो आणि विद्युत्प्रवाहातील चढउतारांवरून अक्षरे ओळखली जातात. २००३ मध्ये पूर्ण म्हणून घोषित झालेल्या मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग वस्तुतः वाचावयाचा राहिला होता; तो २०२२ मध्ये या पद्धतींच्या बळावर प्रसिद्ध झाला. (त्यासाठी वापरलेल्या पेशी द्राक्षगर्भातून आलेल्या होत्या. त्यांत दोन्ही प्रती पित्याच्याच व एकसारख्या असल्याने गोंधळ टळला, हे प्रसूतितंत्राच्या अभ्यासकांस रोचक वाटेल.)

पुण्यात तपासलेले जनुक ज्या प्रदेशात येते, तो एचएलएचा प्रदेश नेमका असाच गुंतागुंतीचा. तेथील जनुके परस्परांशी इतकी मिळतीजुळती, की आखूड तुकडा कोणाचा हे कळत नाही. दीर्घवाचनाने दोन्ही प्रतींचे धागे वेगळे काढता येतात, आणि माता, पिता व अपत्य अशा तिघांचे नमुने असले की कोणता धागा कोणाकडून आला हेही निश्चित होते. शुक्रशोणितसंयोगाच्या वेळीच प्रकृती ठरते असे सांगणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांनी याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. मात्र 'आमच्या ऋषींना हे सारे ठाऊकच होते' ही हाकाटी कृपा करून नको.

यंत्रे सुधारली तरी प्रश्नाचे दुसरे अंग आपल्याच हाती आहे. एकाच व्यक्तीची प्रकृती दोघा वैद्यांनी दोन प्रकारे लिहिली, तर कोट्यवधी अक्षरे अचूक वाचून काय साधणार? २०१५ च्या अभ्यासात वैद्यांचा निर्णय सी-डॅकच्या आयुसॉफ्ट या संगणकप्रणालीशी ताडून पाहिला होता, तो याचसाठी. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या आम्हां वैद्यांकडे आजी, सून आणि नातू एकाच दारी येतात. अशी कुटुंबे शहरातील संशोधनसंस्थेस सहजी मिळत नाहीत. पण आमच्या केसपेपरवर बहुधा 'वातपित्त' एवढेच लिहिलेले असते! चरकांनी विमानस्थानात श्लेष्मल, पित्तल व वातल व्यक्तींची लक्षणे गुणागणिक दिली आहेत. त्यांपैकी कोणती दिसली, कोणती दिसली नाहीत, वय काय, ऋतू कोणता, व्याधी होती की व्यक्ती स्वस्थ होती, हे लिहिण्यास दहा मिनिटे पुरतात. नमुना देणे न देणे ही अर्थातच रुग्णाची इच्छा. नोंद ठेवणे आपले काम.

औषधालयांच्या चालकांस एक विनंती. जनुकीय प्रकृतिपरीक्षेचा संच कोणी विक्रीस आणल्यास तो मांडणीवर ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: किती व्यक्तींवर पडताळणी झाली, त्यांची प्रकृती कोणी व कशी ठरविली, आणि जनुक पूर्ण वाचले की केवळ काही स्थाने.