डोंबिवलीचा पाठभेद

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्या समोर आहे. त्यांच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या; डॉक्टरांनीं त्यांस इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं टोचून घेण्यास सांगितलें आहे. सासूबाई म्हणतात, "लहानपणीं देवी काढल्या त्या जन्मभर पुरल्या, मग हीच लस दरवर्षीं कां? यांत दुकानदारी नसेल कशावरून?" देवीही कांहीं वर्षांनीं पुन्हा काढाव्या लागत, हें त्यांच्या विस्मरणांत गेलें असावें. तथापि प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर डोंबिवलीच्याच एका हकीकतींत सांपडतें.

सन २०२१ च्या नोव्हेंबरांत डोंबिवलीचा एक तरुण केपटाउनहून दुबई व दिल्ली या मार्गानें मुंबईस उतरला. अंगांत थोडा ताप होता. करोनाची लस त्यानें घेतलेली नव्हती. तपासणींत करोना निघाला. परंतु तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. कारण दक्षिण आफ्रिकेंतून एका नव्या प्रकाराची वार्ता नुकतीच आली होती व जागतिक आरोग्य संघटनेनें २६ नोव्हेंबरला त्यास 'ओमिक्रॉन' हें नांव दिलें होतें. नमुन्यांतील विषाणूचीं अक्षरें वाचण्यांत आलीं, आणि महाराष्ट्रांतील ओमिक्रॉनचा हा पहिला रोगी असें ४ डिसेंबरला जाहीर झालें. त्याच्या निकट सहवासांतील १२ व इतर २३ माणसें तपासलीं, तीं सारीं निर्दोष निघालीं. पुढच्या जानेवारींत मात्र ओमिक्रॉन घरोघर पोंचला.

हीं अक्षरें म्हणजे काय? करोनाच्या विषाणूचें सारें बीज सुमारें ३०,००० अक्षरांच्या एका लेखांत असतें, आणि त्याच्या वर्णमालेंत वर्ण अवघे चार. विषाणु वाढतो म्हणजे या लेखाच्या नकला निघतात; नकला आल्या कीं लेखकांचे प्रमाद आलेच. या विषाणूजवळ स्वतःचा मुद्रितशोधकही असतो, तरी चुका राहतात. (मुद्रितशोधनाचा अनुभव मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको!) पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत १,२५९ हस्तलिखितें अभ्यासून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. डॉ. सुखठणकर प्रभृतींनीं जी रीत अवलंबिली, तिचें मर्म हें कीं, दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली तर दोघींची मातृका बहुधा एकच. विषाणूंचे वंशवृक्ष आज याच न्यायानें मांडतात. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें; आपला न्याय प्रयोगशाळेंत चाललेला पाहून आम्हांस किती आनंद होतो तें वाचक समजून घेतील.

ओमिक्रॉनचे पाठभेद नेमके अडचणीच्या जागीं होते. विषाणु आपल्या पेशींत शिरतो तो अंगावरील कांट्यांसारख्या प्रथिनाच्या साहाय्यानें. एकट्या त्या प्रथिनांत ३० हून अधिक फरक पडलेले. लसींनीं शरीरास करून दिलेली ओळख मूळ पाठाची होती. म्हणून लस घेतलेल्यांसही ओमिक्रॉन झाला. पण ओळख सर्वस्वीं पुसली नाहीं. शरीराच्या रक्षक पेशी त्या प्रथिनाचे अनेक तुकडे स्मरणांत ठेवतात, व त्यांतले बरेच बदललेले नव्हते. दुखणें विकोपास जाण्यापासून लसीनें पुष्कळांस वांचविलें तें यामुळें.

हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, तेव्हां जंतूचीं अक्षरें कोणास ठाऊक नव्हतीं. अख्खे जंतु वाढवून, तापवून मारून, तेच टोचीत. आतां लेखांतलें एक वाक्य पुरतें. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनें ओमिक्रॉनच्या पाठावरून अशी लस केली. तीस जून २०२३ मध्यें परवानगी मिळाली. ती सुईवांचून देतां येते व २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत टिकते. काम मोलाचें खरें, पण स्पष्ट बोललें पाहिजे: वाचन कांहीं दिवसांत झालें आणि ही लस दीड वर्षानें आली. तोंवर ओमिक्रॉनचे नातूपणतू हिंडूं लागले होते.

इन्फ्लुएंझा याहून खट्याळ. त्याची पोथी ८ सुट्या पानांची. दोन निराळे विषाणु एकाच पेशींत शिरले तर पानांची अदलाबदल होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ठिकठिकाणच्या वाचनांवरून वर्षांतून दोनदां लसींतील प्रकार ठरविते. गेल्या वर्षींची लस ही जुनी आवृत्ति असूं शकते. शिवाय तिचा जोरही कांहीं महिन्यांत ओसरतो. आपल्या ठाणें-कल्याण भागांत हा ताप पावसाळ्यांत बळावतो, तेव्हां मृगापूर्वीं ती घेतलेली बरी.

पत्राच्या शेवटीं बारीक अक्षरांत आणखी एक पृच्छा आहे. ही लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात हें खरें काय, व सासूबाईंस तें सांगावें कीं नाहीं? बहुतेक लसींच्या बाबतींत तें खरें आहे. पेशींत वाढविलेल्या लसीही असतात. त्या मिळतील कां तें डॉक्टरांस विचारावें. हाफकिन यांनींसुद्धां लोकांच्या भावना ओळखून जंतूंच्या खाद्यासाठीं बकऱ्याचें मांस वापरलें होतें. सासूबाईंपासून हें लपवूं नये. आपद्धर्म त्या आपल्याहून अधिक जाणत असतील. आम्ही स्वतः दरसाल ही लस टोचून घेतों, आणि घरीं येऊन स्नान करून संध्येस बसतों.