‘फ्लोट’ म्हणजे तरंगणे नव्हे!

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे आयांची ये-जा सुरू होते. मुलगी गणितात हुशार, कॉम्प्युटरचा ओढा. पण शिक्षण मराठी माध्यमातले. ‘हिला प्रोग्रॅमिंग झेपेल का हो? सगळे इंग्रजीत असते ना!’ एवढ्या एका धास्तीपायी चांगली हुशार मुलगी भलत्याच शाखेला घातली जाते, म्हणून आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवू.

आधी भीती नेमकी कुठे आहे ते पाहू या. पायथॉन ही हल्ली सर्रास शिकवली जाणारी प्रोग्रॅमिंगची भाषा. तिच्यातले राखीव शब्द मोजून ३५. ‘इफ’ म्हणजे जर, ‘एल्स’ म्हणजे नाहीतर, ‘व्हाइल’ म्हणजे जोवर. इतके शब्द आपण भाजी निवडता निवडता पाठ करू! अडते ते पुढे. चूक झाली की मशीन जो निरोप देते तो इंग्रजीत, चांगली पुस्तके इंग्रजीत, शंका विचारायची तर तीही इंग्रजीत. आणि शब्दकोश उघडावा तर गोंधळात भरच. ‘स्ट्रिंग’ म्हणजे दोरी, ‘फ्लोट’ म्हणजे तरंगणे! प्रत्यक्षात स्ट्रिंग ही एकापुढे एक ओवलेल्या अक्षरांची माळ, आणि फ्लोट म्हणजे दशांशचिन्हाची संख्या. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘प्रिंट’ लिहिले आणि विचारले, ‘बाई, कागद कुठून निघणार?’ हसू नका हं. तिला इंग्रजी येत होते. पडद्यावर अक्षरे दाखवण्यालाही प्रिंटच म्हणतात, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

ही रड आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेतले एक प्राध्यापक फिलिप गुओ यांनी ८६ देशांतल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या ८४० जणांना त्यांच्या अडचणी विचारल्या. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी काय मागितले? सोपे इंग्रजी, भरपूर चित्रे, जागच्या जागी शब्दांचे अर्थ, आणि परक्या चालीरीतींत न अडकणारी उदाहरणे. अवघड काहीच नाही त्यात.

रशियात हिशेबठिशेबाची ‘वन-सी’ नावाची प्रणाली आहे. तिच्यात सूचना चक्क रशियन शब्दांत लिहितात. जर्मन एक्सेलमध्ये बेरजेला ‘सम’ नाही, ‘झुमे’ म्हणतात. उलट जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली रूबी ही भाषा आणली, तिचे शब्द मात्र इंग्रजीच ठेवले. सुरुवातीची माहिती बहुतेक जपानीत होती, तेव्हा बाहेरच्यांचीच पंचाईत! मला विचाराल तर शब्द इंग्रजी राहिले म्हणून बिघडत नाही, समजावणे मात्र आपल्या भाषेत हवे. २०२१ साली ए.आय.सी.टी.ई.ने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, ती याच वाटेने. नोकरीत इंग्रजी लागते हे खरेच, पण ते आधी आलेच पाहिजे असे कुठे आहे? दोन्ही बरोबरीने शिकता येते.

मग घरी काय करायचे? एक दोनशेपानी वही घ्या. नवा शब्द आला की शब्दकोशातला अर्थ नको, ‘तो इथे काय काम करतो’ ते मुलीने स्वतःच्या मराठीत लिहावे. मशीनचा चुकीचा निरोप आला की घाबरून पुसायचा नाही. वहीत उतरवायचा आणि चूक कशी सापडली ते खाली लिहायचे. तेच तेच निरोप पुन्हा येतात, महिनाभरात ओळखीचे होतात.

आणि पहिला प्रोग्रॅम दुधाच्या हिशेबाचा घ्या. महिन्याचे दिवस, खाडे, रोजचे लिटर, भाव. आधी कागदावर मराठीत मांडायचे, मग मशीनवर. पायथॉनच्या आताच्या आवृत्तीत ‘भाव’, ‘खाडे’ ही नावे देवनागरीत दिलेली चालतात. प्रोग्रॅममधले आकडे मात्र इंग्रजी लिहा, मराठी आकडा घातलात तर अडून बसते. हिशेब जमला की गवळ्याच्या वहीशी ताडून बघा, आणि फरक निघाला तर खाडे पुन्हा मोजा.