डॉक्टरांचा सल्ला : गोळ्या तीन, तरी रक्तदाब चढाच!

"आमच्या ह्यांना रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी दाब उतरत नाही. रात्री पायांत गोळे येतात, रक्तात पोटॅशियम कमी निघालं."
— सौ. क., सदाशिव पेठ, पुणे

ताई, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा अल्डोस्टेरॉन हा स्राव अंगात मीठ धरून ठेवतो नि पोटॅशियम लघवीवाटे घालवतो. तो फार झाला की असंच होतं. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम घटतं. म्हणून डॉक्टरांना विचारून अल्डोस्टेरॉन व रेनिन, दोन्ही तपासून घ्या. अल्डोस्टेरॉन जास्त नि रेनिन कमी, तर दोष ग्रंथीतच. दोन्ही जास्त, तर मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. एकाच ग्रंथीत गाठ असली तर ती ग्रंथी काढतात. दोन्ही बिघडल्या तर वेगळ्या गोळ्या देतात. लोणचं-पापड बेतानेच वाढा. चालू गोळ्या मात्र मनाने सोडू देऊ नका!