मराठीत इंजिन बांधता येते

मराठीत अभंग होतो, नाटक होते, भांडण तर फारच छान होते. पण यंत्राची गोष्ट मराठीत होत नाही, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गेल्या दिवाळीत बडोद्याला बहिणीकडे गेलो, तर हेच मत घरात ऐकायला मिळाले. भाच्याने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे. २००४ मध्ये आपल्याकडे आलेली, औरंगाबादेजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, दिसायला घरगुती पण स्वभावाने स्पोर्ट्स कार. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, ताकद १५० हॉर्सपॉवर. आता ते इंजिन धूर टाकते, म्हणून नव्याने बांधायचे आहे. मी विचारले, बेत काय? म्हणाला, "मामा, हे मराठीत नाही सांगता येणार."

मला त्याचा राग आला नाही. त्याला असे वाटावे अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे, तिचा आला.

मी बी.ए. झालेला सरकारी कारकून. तरी सांगून पाहतो. टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन चाके. बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, दुसरे चाक हवा दाबून सिलिंडरात कोंबते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल खराब झाले की टर्बो गेलाच समजा.

आता बेत. आमच्या कचेरीतली रीत इथेही लागू: आधी टिपणी, मग मंजुरी, मग खर्च. इंजिन उतरवण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि तेलाचा दाब मोजून लिहून ठेवायचा. इंजिन खोलल्यावर बोअर वर, मध्ये, खाली असा दोन्ही दिशांनी मोजायचा, म्हणजे गोल राहिला की लंबगोल झाला ते कळते. नुसत्या रिंगांवर भागेल की ओव्हरसाईज पिस्टन घालावे लागतील, हे त्यावर ठरते. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायला टाकायचा नाही. हेड वाकले असेल तर फेसिंग करायचे, पण जपून. जेवढे घासाल तेवढे कॉम्प्रेशन वाढते आणि टर्बो इंजिन नॉकिंग करू लागते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, तेव्हा जुने रबरी पाईप बदललेले बरे. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप त्याच वेळी नवे घालायचे.

राहिला ताकद वाढवण्याचा मोह. या इंजिनाची दुखरी जागा म्हणजे कनेक्टिंग रॉड. टर्बोचा दाब वाढवायचा तर आधी रॉड, मग क्लच, मग ब्रेक, असा खर्च वाढत जातो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करता येत नाही. तेव्हा मूळची १५० परत आणावी, एवढाच बेत शहाणपणाचा.

यातले काय मराठीत सांगता आले नाही? बोअर आणि रिंग हे शब्द इंग्रजी म्हणाल, तर पगार आणि चावी हे पोर्तुगीज आहेत. पगार घेताना भाषा बाटली असे कोणाला वाटत नाही!

आणि हे बडोद्यात ऐकावे लागले, याचे वाईट वाटते. याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तिथे धंदेशिक्षण लोकांच्या भाषेत देण्याचा घाट घातला गेला, त्यासाठी गुजराती आणि मराठी पुस्तके तयार करवली. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज ती संस्था महाराजांच्याच नावाच्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. २०१८ चे एक्क्याण्णवावे साहित्य संमेलनही याच गावात भरले.

आपण गोव्यातले मराठी लोक १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून मराठीच्या स्थानासाठी भांडतो आहोत. भांडायलाच हवे. २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण दर्जा मिळालेल्या भाषेत गॅस्केट कशी बसवावी हे लिहिलेले नसेल, तर भाच्याच्या पिढीने ती भाषा फक्त श्राद्धाला आणि संमेलनाला वापरायची काय?

ज्ञान आहे. म्हापशाच्या, फोंड्याच्या गॅरेजांत ते रोज बोलले जाते. मेस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून बेअरिंग सांगतो. फक्त ते कागदावर नाही, म्हणून तो गेला की त्याच्याबरोबर जाते. दिवाळी अंकवाल्यांनो, पंधरा कविता खुशाल छापा, पण दोन पाने मेस्त्रीला द्या. तो बोलेल, तुम्ही लिहून घ्या. लिहून घेणे हे कारकुनी काम आहे, आणि कारकुनांची मराठीत कधीच टंचाई नव्हती.