पेल्यातली दंतकथा आणि मोहाचे फूल

१/ पुण्या-मुंबईत क्राफ्ट बिअरचे छोटे पेले ओळीने चाखून, शेवटी एखादी जिन 'आपली' म्हणून निवडणारी पिढी चवीच्या बाबतीत चोखंदळ आहे. पेल्यासोबत वाढल्या जाणाऱ्या इतिहासाच्या बाबतीत मात्र ती तितकी चोखंदळ नाही. हा धागा त्या इतिहासाविषयी.

२/ पहिली कथा 'इंडिया पेल एल'ची. हिंदुस्थानच्या सागरी प्रवासात बिअर नासू नये म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने ती शोधून काढली, असे सांगतात. वस्तुतः पेल एल त्याच्या आधीपासून होती, आणि काळपट पोर्टर बिअरही हाच प्रवास सुखरूप करत असे. हॉजसनचे यश शोधात नव्हते. त्याचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता आणि जहाजांच्या कप्तानांना तो दीर्घ मुदतीची उधारी देई. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप आणि बास यांनी याच बाजारात उडी घेतली.

३/ दुसरी कथा जिन-टॉनिकची. हिवतापावरील कडू क्विनीन घशाखाली उतरावे म्हणून गोऱ्या सैनिकांनी त्यात जिन मिसळली, असे म्हणतात. कालक्रम पाहावा. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे झाले १८२० मध्ये. टॉनिक वॉटरचे पेटंट इरॅस्मस बॉन्ड याने लंडनमध्ये घेतले १८५८ मध्ये. जिन-टॉनिकचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख आहे १८६८ च्या 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन'मधला, आणि तोही घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भातला. इस्पितळाशी त्याचा संबंध नाही.

४/ या कथा निरुपद्रवी वाटतात. पण दोन्हींत नायक एकच: उकाडा आणि ताप यांवर युक्तीने मात करणारा साहेब. हिंदुस्थान केवळ पार्श्वभूमीला. इथले लोक काय पीत होते आणि त्यांच्या पेयाचे काय झाले, हा प्रश्न या कथांत उद्भवतच नाही.

५/ त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि ताडी काढणे परवान्याखाली आणले. घरी, सणासुदीला, देवाला दाखवण्यासाठी मोहाची दारू गाळणारा आदिवासी गुन्हेगार ठरू लागला.

६/ १८९२ च्या मोहरा कायद्याने पुढचे पाऊल टाकले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत दारूच नव्हे, मोहाचे फूलही निर्बंधाखाली आले. हे फूल वाळवून खाल्ले जाते. टंचाईच्या दिवसांत ते अनेक घरांचा आधार असे. महसुलासाठी सरकारने लोकांच्या अन्नालाच दारूचा कच्चा माल ठरवले.

७/ इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी ही वाटचाल रूढीकडून गुन्ह्याकडे जाणारी म्हटली आहे. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी 'देवी'च्या आदेशाने दारू सोडली, तेव्हा ठेकेदारांचे धाबे दणाणले. व्यसनाची हानी त्या समाजाला ठाऊक नव्हती, असे म्हणण्यास जागा नाही. सोडायचे की प्यायचे, हा निर्णय आपला असावा, एवढेच त्यात होते.

८/ 'चवीत राजकारण कशाला?' असा आक्षेप येईल. परंतु ते राजकारण बाटलीवरील लेबलाने आधीच आणलेले असते. एका पेयाला 'वारसा' आणि दुसऱ्याला 'हातभट्टी' म्हणणे हा चवीचा निवाडा नव्हे, सत्तेचा आहे.

९/ गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडले. फेणीला प्रतिष्ठा मिळू शकते, तर मोहालाही मिळू शकते. मात्र ती महागड्या बाटलीपुरती उरली आणि फूल वेचणारे हात पुन्हा बाहेर राहिले, तर १८७८ चाच हिशेब नव्या कागदावर मांडला जाईल.

१०/ आवडती जिन अवश्य निवडावी. तिच्यासोबतची कथा मात्र तशीच गिळू नये. क्विनीनपेक्षा कडू असे बरेच काही तिच्यातून गाळून टाकलेले असते.