ठाण्याची सावली, कल्याणचे पाणी

चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिलच्या ओळीत घरोघरी श्रीपाळ राजाचा रास वाचला जातो. उपाध्याय विनयविजयजींनी विक्रम संवत 1738 मध्ये रांदेर येथे आरंभिलेला आणि त्यांच्या कालधर्मानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला हा रास ऐकताना ठाण्याच्या श्रोत्यांचे कान एका प्रसंगी हटकून टवकारतात. धवल शेठने लोभापायी समुद्रात लोटून दिलेला श्रीपाळ नवपदांचे स्मरण करीत कोकणच्या किनाऱ्याला लागतो तो ठाण्यालाच. थकलेला श्रीपाळ चाफ्याच्या झाडाखाली निजतो. दिवस कलतो, पण झाडाची सावली त्याच्या अंगावरून हलत नाही. निमित्तज्ञाने सांगितलेली खूण हीच असते. वसुपाल राजाचे सेवक त्या सावलीवरून त्याला ओळखतात आणि राजकन्या मदनमंजरीचा विवाह त्याच्याशी होतो.

टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर, ज्याला भाविक कोकण शत्रुंजय म्हणतात, ते याच कथेच्या आठवणीने उभे आहे. मंदिरात श्रीपाळ आणि मयणासुंदरीचे प्रसंग कोरलेले आहेत. दर्शन आटोपून बाहेर पडलेल्या कुटुंबाला आज मात्र वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. कथेतील सावली देवाने धरली होती. शहरातील सावली माणसांनी राखली तरच राहते. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत ती कोठे राहिली आहे आणि का राहिली आहे, हे पायी हिंडून पाहण्यासारखे आहे.

टेंभी नाक्याहून चालत गेल्यास थोड्याच वेळात मासुंदा तलाव येतो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. एका काठाला 1978 पासून गडकरी रंगायतन उभे आहे, पाण्यात नौका फिरतात, आणि सायंकाळी काठाच्या पदपथावर पाऊल ठेवायला जागा नसते. चोविहार पाळणाऱ्या घरांत जेवण सूर्यास्तापूर्वी उरकलेले असते. त्यामुळे दिवेलागणीनंतरच्या या फेरफटक्यात आपली मंडळी पुष्कळ दिसतात. मासुंद्याचे पाणी पूर्वी कौपिनेश्वर मंदिरापर्यंत पोहोचत असे, असे जुने ठाणेकर सांगतात. आज मंदिर आणि तलाव यांच्यामध्ये रस्ता आहे आणि जवळच जांभळी नाक्याचा बाजार. ज्या बाजारात आपल्यातील अनेकांच्या पेढ्या आहेत, त्याच्या आसपास कधी पाणी होते, ही गोष्ट दुकानाच्या गल्ल्यावर बसून सहसा आठवत नाही.

तलावांचे शहर ही ठाण्याची ओळख. येथे एके काळी साठांहून अधिक तलाव होते असे सांगितले जाते. आता पस्तिसाच्या आसपास उरले आहेत. कचराळी, उपवन, रायलादेवी, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, मखमली, ब्रह्माळा ही त्यांतली काही नावे. जे गेले ते एका रात्रीत गेले नाहीत. प्रथम काठावर राडारोडा पडला, मग पाणी आटून उथळ झाले, मग ती डबकी डासांचे घर ठरली, आणि अखेर ती बुजवून टाका अशी मागणी शेजाऱ्यांनीच केली. तलाव मरण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी अशीच असते.

श्रावकाला ही कथा परकी वाटू नये. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात पंधरा कर्मादानांची, म्हणजे श्रावकाने टाळावयाच्या धंद्यांची यादी येते. दात, लाख, विष यांचा व्यापार सर्वांच्या ध्यानात असतो, कारण तो करणारा आज आपल्यात शोधूनही सापडायचा नाही. त्याच यादीत वनकर्म आहे, आणि शेवटाकडे सर-द्रह-तडाग-शोषण आहे: सरोवर, डोह आणि तळे आटवण्याचा उद्योग. पर्युषणात पंधरा कर्मादाने म्हणताना हे शब्द जिभेवरून निघून जातात. ज्या शहरात चौरस फुटाचा भाव विचारल्याशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत, तेथे ते सावकाश म्हणायला हवेत. बांधकामाचा व्यवसाय करणारे, त्यात भांडवल गुंतवणारे, किंवा भराव घातलेल्या जागेवरील गाळा स्वस्त मिळाला म्हणून घेणारे आपल्या समाजात थोडे नाहीत. आनंद स्वतः मोठा धनिक होता, वाणिज्यग्रामाचा रहिवासी होता, आणि भगवान महावीरांकडून त्याने श्रावकाची व्रते घेतली ती गावाबाहेरील दूतिपलाश चैत्याच्या परिसरात. आगमांत भगवंतांचे समवसरण पुनःपुन्हा नगराबाहेरच्या उद्यानात होते. राजगृहीचे गुणशील हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे. नगर आणि उद्यान यांची जोडी तेव्हाही गृहीत धरलेली होती.

तलावाच्या काठी आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. जीवदयेच्या भावनेने काहीजण माशांना कणकेचे गोळे, पाव, फरसाण टाकतात. भावना निर्मळ असते, परिणाम मात्र उलट होऊ शकतो. साचलेल्या पाण्यात न खाल्लेले अन्न कुजते, ते कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात, आणि रात्रभर प्रकाश नसल्याने जलवनस्पतींकडूनही भर पडत नाही. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात ते त्यामुळे. निर्माल्याचेही तसेच. पाण्यातील अपकायाचा विचार करणाऱ्यांना हे समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

कचराळी तलाव मासुंद्याहून शांत. पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयाशेजारी असलेल्या या तलावाभोवती चालण्याची वाट आहे आणि वृद्धांचे नेमाचे गट पहाटेपासून तेथे असतात. उद्यानात गेल्यावर हिरवळीवर बसावे की बसू नये, हा प्रश्न आपल्या घरांत मुले विचारतात. वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, तेव्हा कारण नसताना गवत तुडवणे, पाने खुडत चालणे, खडे पाण्यात भिरकावणे हा अनर्थदंड झाला. वाटेवरून चालले, बाकावर बसले, तर बागेचा आनंद तसूभरही उणावत नाही. उलट पावसाळ्यात ईर्यासमितीची आठवण ठेवून खाली पाहत चालणाऱ्या मुलाला गोगलगाय, वाणी, मृगाचा किडा असे जे दिसते ते धावणाऱ्याला दिसत नाही.

उपवनच्या पुढे येऊर. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे 103 चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये पसरलेले आहे आणि त्यात बिबट्यांची वस्ती आहे. येऊर ही बाग नव्हे. तेथे पाहुण्यासारखे जावे, वन विभागाच्या नाक्यावरील नियम पाळावेत आणि उजेडात परतावे. रात्रीच्या मेजवान्या आणि कर्कश संगीत यांसाठी ती जागा नाही, मग यजमान कोणीही असो.

या डोंगराच्या पलीकडे, बोरीवलीच्या बाजूला, कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत, आणि तेथे कल्याणच्या वाचकांसाठी एक खास ठेवा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठे बंदर होते. तेथील व्यापारी आणि सोनार यांनी कान्हेरीला दिलेल्या दानांचे ब्राह्मी शिलालेख आजही भिंतींवर आहेत. दान कशाचे? लेण्यांचे, आणि पोढीचे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाचे पाणी कातळावरील पन्हाळींतून या टाक्यांत उतरते. व्यापाऱ्याने आपल्या गावापासून इतक्या दूर डोंगरात, आपण कधी पिणार नाही अशा पाण्यासाठी पैसा खर्च केला आणि त्याची नोंद दगडावर ठेवली. पाणपोई आणि पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाला त्या दात्यांचे मन ओळखीचे वाटेल.

खुद्द कल्याणात आज जुने पाणी उरले आहे ते काळ्या तलावात. भगवा तलाव असेही त्याला म्हणतात. काठाला फिरण्याची वाट आहे, बाके आहेत, आणि जुन्या गावातील गल्ल्यांतून बाहेर पडलेल्या माणसाला एवढे मोकळे आकाश दुसरीकडे सहज मिळत नाही. दुर्गाडीच्या पायथ्याची खाडी आणि गांधारीकडील उल्हास नदीचा काठ येथेही सकाळी लोक चालायला येतात. डोंबिवलीची गोष्ट वेगळी आहे. 1960 च्या दशकात औद्योगिक वसाहत आली, लोकलने नोकरदार आले, भातखाचरांवर इमारती उठल्या, आणि बाग आखण्याआधीच जागा संपली. सावरकर उद्यानासारखी थोडी उद्याने, निवासी विभागातील रस्त्यांची झाडे आणि मोठागावच्या खाडीकाठची खारफुटी, एवढ्यावर डोंबिवलीकर भागवतात.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांसाठी थोडे आकडे. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या 12.47 लाख होती. तिला या दराने किमान तीन हजार एकर लागतील. ठाण्यात कोलशेत येथे फेब्रुवारी 2024 मध्ये नमो सेंट्रल पार्क खुले झाले. सुमारे 20.5 एकरांचे हे उद्यान देखणे आहे, मुले तेथे रमतात, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या कुटुंबांची मोठी सोय झाली आहे. पण ठाण्याच्या 2011 च्या 18.41 लाख लोकसंख्येने ते भागले तर एकेकाच्या वाट्याला साधारण 450 चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे शाळेच्या वहीचे एक पान. लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे.

त्यामानाने घोडबंदर रस्त्यावरील ओवळे गावातील ओवळेकर वाडी अगदी लहान, पण तिच्याकडून शिकण्यासारखे अधिक. खासगी शेतजमिनीवर फुलपाखरांसाठी झाडे लावून ती तयार झाली. फुलपाखराला मधासाठी फूल लागते, आणि त्याच्या अळीला मात्र ठरावीक झाडाचेच पान लागते: कुणाला लिंबू आणि कढीपत्ता, कुणाला रुई, कुणाला पानफुटी. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनची अळीही लिंबाच्या कुळातील पानांवर वाढते. पावसाळा सरल्यावर, ऊन पडलेल्या सकाळी ती वाडी पाहावी. घरी परतल्यावर गॅलरीतील कढीपत्त्याच्या कुंडीत अळी दिसली तर औषध फवारण्याआधी आजी नातवाला थांबवील, एवढा बदल सहज होतो.

सार्वजनिक बाग आकाशातून पडत नाही. ती प्रथम विकास आराखड्यावर हिरव्या रंगाचा तुकडा असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित भूखंड ताब्यात घेतला गेला नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण ज्या गल्लीतील मुलांची बाग अशी निघून जाते, त्या गल्लीला बहुधा कुंपण पडल्यावर कळते. आपल्या प्रभागाचा आराखडा पाहण्यास वकील लागत नाही. मोठ्या भूखंडांवरील संकुलांत दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. ती वाहनतळ किंवा मांडवाची कायमची जागा होऊ न देणे हे तर सोसायटीच्या सभेतच ठरते. झाडांबाबत 1975 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. असे झाड तोडायचे तर त्याचे वय जितके, तितकी झाडे लावावी लागतात. पन्नास रोपांची सावली मात्र वडाएवढी व्हायला दोन पिढ्या जातात.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. ठाण्याहून भिवंडीकडे, कल्याणकडे, पुढे नाशिकच्या दिशेने अनवाणी पावले निघतात. मार्गशीर्ष-पौषात रस्ता सोसतो. फाल्गुन उलटला की सकाळी नऊनंतर डांबर तापू लागते, आणि रुंद झालेल्या रस्त्यांच्या कडेला दूरवर झाड नसते. विहारसेवेत जाणारे तरुण मुक्कामांची यादी करतात तेव्हा उपाश्रय आणि गोचरीची घरे यांच्या जोडीने वाटेत कोठे वड आहे, कोठे चिंच आहे, हेही लिहून ठेवतात. दर वर्षी त्या यादीतील एखादे नाव त्यांना खोडावे लागते.