पुतळ्याला हार, कारखान्याला कुलूप

महाराष्ट्रात पुतळ्यांना तोटा नाही. चौक तेथे पुतळा, पुतळा तेथे जयंती, आणि जयंती तेथे हार, हे आता ठरूनच गेले आहे. तोटा आहे तो पुतळे घडविणाऱ्यांच्या आठवणीचा. माझे म्हणणे आरंभीच एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फराळाच्या ताटाकडे वळायचे असेल त्यांना लवकर वळता येईल. ज्या समाजाला आपल्या शिल्पकाराचे घर, त्याचा कारखाना आणि त्याची बाग राखता येत नाही, त्या समाजाने नवे पुतळे उभारण्याची घाई करू नये.

मी फलटणचा. सईबाईंच्या माहेरचे हे गाव. आमच्या गावाला जुने राखण्याची हौस नाही असे कुणी म्हणू नये. निंबाळकरांचा राजवाडा आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. त्याचे लाकडी कोरीव खांब सिनेमावाल्यांनाही भुरळ घालतात. रामाच्या देवळातून मार्गशीर्षात रथ निघतो तेव्हा सारा तालुका लोटतो. बाणगंगेच्या काठचे हे गाव संस्थान विलीन झाल्यावरही, म्हणजे १९४८ नंतरही, आपली ऐट विसरलेले नाही. हे सारे मला प्रिय आहे. पण याच गावात जबरेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरची शिल्पे पाहताना मान दुखून येते, तरी डोळा निघत नाही. राजवाडा कुणी बांधला ते आम्ही सांगतो, देवळाला इनाम कुणी दिले तेही सांगतो. ही शिल्पे कोणत्या हातांनी कोरली असे पाहुण्याने विचारले, की आम्ही आभाळाकडे पाहतो. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," ही म्हण आमच्या तोंडी आहे. त्या म्हणीत दगड आहे, टाकी आहे, देवही आहे. टाकी ज्याच्या हातात होती तो मात्र नाही!

यादवकाळी नावे कोरण्याची रीत नव्हती, असे म्हणून त्या वेळच्या लोकांना सोडून देता येईल. आपल्याला कसे सोडायचे? ज्यांची नावे, गावे, जन्मतिथी सारे छापलेले आहे, त्यांचे आपण काय केले?

याचे उत्तर शोधायचे तर फलटणहून निघून मुंबईला यावे आणि गेटवेसमोर उभे राहावे. तेथे सदाशिव साठे यांनी घडविलेला अश्वारूढ शिवछत्रपती आहे. १९६१ सालापासून तो तेथे उभा आहे. त्याच्या पुढ्यातूनच मांडव्याला लाँच जातात. सुटीच्या दिवशी या लाँचींना उतारूंची रीघ लागलेली असते. महाराजांबरोबर फोटो काढायचा, लाँचमधून पाखरांना खायला घालायचे, पलीकडे उतरून अलिबागच्या किनाऱ्यावर मासळीचे जेवण झोडायचे, असा बेत असतो. बेत उत्तम आहे. मीही मासळीचा वैरी नाही. पण मांडव्याहून अलिबागला जाताना वाटेत सासवणे नावाचे गाव लागते. तेथे विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे. शंभर उतारूंपैकी किती जण त्या फाटकाशी थांबतात हे मी रस्त्यावर उभे राहून पाहिले. मोजायला एका हाताची बोटे पुरली.

करमरकर म्हणजे नानासाहेब करमरकर. जन्म १८९१ चा, याच सासवण्याचा. या पोराने गावातल्या भिंतीवर काढलेली चित्रे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. तेथून पुढे कलकत्ता, तेथून लंडनची रॉयल अकादमी. एवढे जग पाहून आलेला हा माणूस शेवटी वळला तो आपल्या नारळी-पोफळींकडेच. १९६७ साली त्यांचे निधन झाले. सरकारने पद्मश्री दिली होती, वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. त्यानंतर ते घर आणि ती शिल्पे राखली ती त्यांच्या घरच्या माणसांनी.

त्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा काय जाणवते, सांगू? येथे कुणी हार घातलेला नाही! अंगणात म्हैस बसली आहे. क्षणभर वाटते की आता ही शेपटी हलवील. कोळीण आहे, खेड्यातल्या बाया-माणसे आहेत, शंख फुंकणारी आकृती आहे. महापुरुष आहेत, पण ते त्यांच्या शेजारी घरच्यासारखे आहेत. एकाच हाताने महाराजही घडविले आणि म्हैसही घडविली. दोघांनाही तितकेच निरखून पाहिले. दगड, धातू, प्लास्टर यांच्या जोडीला साधे सिमेंटही या माणसाने कलेच्या कामी लावले. सारी मिळून दीडशेच्या आसपास शिल्पे तेथे आहेत. खिडकीतून येणारा उजेड, बाहेरची झाडे आणि आतली माणसे यांत भिंत राहत नाही. चौकातल्या पुतळ्याकडे आपण मान वर करून पाहतो. येथे शिल्पे आपल्या डोळ्याला डोळा देतात.

आता मुख्य मुद्दा. घर राखायचे ते काय गुरुजनांच्या खडावा राखाव्यात तसे भक्तीने राखायचे? मुळीच नाही. घर राखायचे ते शिकण्यासाठी. धातूचा पुतळा म्हणजे काय प्रकार असतो याची चौकात उभे राहून कल्पना येत नाही. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा. त्यावर शाडू किंवा चिकणमाती. ती वाळू नये म्हणून रात्रंदिवस ओली फडकी. माती मनासारखी उतरली, की तिच्यावरून प्लास्टरचे साचे. साच्यातून मेण, मेणाभोवती पुन्हा साचा. मग ते मेण वितळवून काढायचे आणि त्याच्या जागी तापलेले कांसे ओतायचे. पत्रा किती जाड ठेवायचा, आतला आधार कोठे द्यायचा, घोड्याच्या दोन पायांवर हजारो शेर वजन कसे तोलायचे, समुद्राची खारी हवा कोणत्या सांध्यात शिरेल, हे ज्ञान पुस्तकात अर्धे असते आणि कारखान्यात पुरे असते. ते हत्यारांवर असते, टाकून दिलेल्या साच्यांत असते, फसलेल्या नमुन्यांत तर सर्वांत अधिक असते. कारखाना मोडला की हे सारे भंगाराच्या भावाने जाते.

आणि ते गेले म्हणजे काय होते? ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणला राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा भरले नाहीत! पडण्याचे कारण म्हणून पहिल्यांदा वाऱ्याचे नाव पुढे आले. वारा! कोकणच्या किनाऱ्यावर श्रावण-भाद्रपदात वारा येतो ही जणू नवीनच बातमी. पुढे आरोप झाले, प्रत्यारोप झाले, खटले झाले. त्यांत मी शिरत नाही. त्याच जागी आणखी मोठा पुतळा २०२५ साली उभा राहिला, तो युगानुयुगे उभा राहो अशीच माझी इच्छा आहे. पण मराठी माणसाच्या काळजाला त्या दिवशी जे घर पडले, त्यावर 'आणखी उंच' हे उत्तर नव्हे.

उत्तर पुण्यात आहे. शिवाजीनगरला श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात करमरकरांचाच अश्वारूढ शिवाजी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या मनातले हे स्मारक. ते पुरे झालेले पाहण्याआधी, १९२२ साली, महाराज गेले. पुतळा १९२८ साली उभा राहिला. उंची सुमारे साडेतेरा फूट आणि ओतकाम एकसंध. येत्या २०२८ साली त्याला शंभर वर्षे पुरी होतील. शंभर पावसाळे अंगावर घेऊन तो घोडा तसाच उभा आहे. पस्तीस फुटांना जे नऊ महिने साधले नाही, ते साडेतेरा फुटांनी शंभर वर्षे साधले. यात चमत्कार काही नाही. एका माणसाने आपले काम पुरते शिकून, पुरता वेळ घेऊन, केले इतकेच. ते कसे केले हे पुढच्या पोरांनी कोठे पाहावे? मंत्र्यांच्या भाषणांत?

येथे शहाणी माणसे तीन आक्षेप घेतात. पहिला: "लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्हांला शिल्पकारांची घरे सुचतात!" आमचा फलटण-माणचा मुलूख पाणी म्हणजे काय ते चांगले जाणतो, आम्हांला कुणी शिकवू नये. पण हा आक्षेप पुतळ्यासाठी कोटी-कोटी मंजूर होताना कोठे जातो? एका पुतळ्याच्या चौथऱ्याच्या फरशीत एखादे घर आणि कारखाना पिढीभर राखता येईल. पाण्याची आठवण नेमकी छोट्या खर्चाच्या वेळीच यावी, याचे मला नवल वाटते.

दुसरा आक्षेप रसिकांचा: "कलावंत त्याच्या कृतीत असतो, घराच्या कौलांत नव्हे." बोलणे गोड आहे. पण जेवण ताटात असते म्हणून स्वयंपाकघर पाडावे, असे कुठल्या गृहिणीने म्हटले आहे काय? चुलीपाशी बसल्याशिवाय पोरीला भाकरी थापता येत नाही. ताटातल्या भाकरीकडे जन्मभर पाहिले तरी येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मानभावी: "ही आपली संस्कृती नव्हे, आपल्याकडे कलावंत अनामच राहतो." अनाम राहणे हा कलावंताचा विनय असू शकतो. त्याला अनाम ठेवणे हा समाजाचा विनय नव्हे, कृतघ्नपणा आहे. चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवर उद्घाटकाचे नाव, त्याच्या खाली अध्यक्षांचे, त्याच्या खाली उपाध्यक्षांचे, अगदी कंत्राटदाराचेही नाव मावते. तेवढी अनाम संस्कृती तेथे का आठवत नाही?

परदेशाचे दाखले मला फारसे आवडत नाहीत, पण एक दाखला आमच्याच सातारा जिल्ह्यात येऊन बसला आहे, त्याला काय करावे? औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारले. राजा स्वतः चित्रकार. आपला संग्रह त्याने वाड्यात न कोंडता रयतेसाठी मांडला. त्या संग्रहात हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे लहानसे शिल्प आहे. आता या मूरचे घर पाहा. लंडनच्या उत्तरेला पेरी ग्रीन नावाच्या खेड्यात तो १९४० पासून १९८६ साली मरेपर्यंत राहिला. स्वतः हयात असतानाच, १९७७ साली, त्याने न्यास करून ठेवला. आज ते घर, ते कारखाने, ती बाग लोकांना पाहायला मिळते. छोट्या कारखान्यात त्याने वेचून आणलेली हाडे आणि गारगोट्या आहेत, ज्यांच्यावरून त्याला आकार सुचत. बाहेर कुरणात प्रचंड शिल्पे आहेत आणि त्यांच्या सावलीला मेंढ्या चरतात. मेंढ्या फलटणच्या माळावरही चरतात. उणीव मेंढ्यांची नाही! फ्रान्सची गोष्ट तर याहून जुनी. १९१६ साली, महायुद्ध पेटलेले असताना, रोदँने आपली सारी कृती राष्ट्राला देऊ केली आणि त्या देशाच्या संसदेने ती स्वीकारण्याचा ठराव केला. १९१९ साली त्याचे संग्रहालय उघडले. तोफा चालू असताना ज्यांना हे सुचले, त्यांच्यापुढे 'सवड नाही' ही सबब कोणत्या तोंडाने सांगावी?

सासवण्याचे घर टिकले ते एका कुटुंबाच्या निष्ठेवर. त्या निष्ठेला माझा नमस्कार. पण कुटुंबाच्या चांगुलपणावर समाजाने किती दिवस निजावे? खारा वारा, वाळवी आणि जमिनीचे चढते भाव या तिघांशी एक घर किती पिढ्या झुंजणार? त्या किनाऱ्यावर आज गुंठ्याला सोन्याचे मोल आहे. ज्या शिल्पकारांच्या वारसांना हे पेलले नाही, त्यांचे साचे, नमुने, हत्यारे कोठे गेली, हे जुन्या बाजारालाच ठाऊक!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारने नवा पुतळा मंजूर करताना त्याच्या खर्चातला काही हिस्सा जुन्या शिल्पकारांची घरे आणि कारखाने राखण्यासाठी वेगळा काढावा. प्रत्येक पुतळ्याखाली शिल्पकाराचे आणि ओतकाम करणाराचे नाव उद्घाटकाच्या नावाआधी कोरावे. आणि १९२८ च्या त्या पुतळ्याची शताब्दी साजरी करायचीच असेल, तर मिरवणुकीने करू नये; करमरकरांचे घर कायमचे निर्धास्त करून करावी.

वाचकहो, सरकारला सांगायचे ते सांगितले, आता घरच्यांना. या दिवाळीतही तुमच्या अंगणात पोरांनी किल्ला केला असेल. चिखल त्यांनी कालविला, अळीव-मोहरी त्यांनी पेरली, आणि महाराज मात्र बाजारातून आणले. पुढच्या खेपेला एक तरी मावळा घरच्या मातीचा होऊ द्या. तो वाकडा होईल, त्याची तलवार गळून पडेल, पोरगे रडेल आणि मग काडी घालून ती पुन्हा बसवील. आत आधार घालावा लागतो हे त्याला तेव्हाच कळेल. आणि सुटीत अलिबागला जाल तेव्हा मासळीच्या आधी सासवण्याला उतरा. अंगणातल्या त्या म्हशीच्या पाठीवर उजेड कसा उतरला आहे ते पोरांना दाखवा. घरी परतल्यावर त्यांनी मातीचा गोळा मागितला, तर हात खराब होतील असे म्हणू नका.